मालवा हाउसची ऑडिशन ते कार्टूनमधला आठ वर्षांचा मुलगा : माझा अनुभव

इंदूर आकाशवाणीची नाटकाची ऑडिशन मी दोनदा दिली. पहिल्यांदा, 2011 साली, नापास झाले. मालवा हाउसमधल्या स्टुडिओत मी एकटी, समोर माइक, हातात नुकतीच मिळालेली संहितेची पानं. ऐकणारी मंडळी दुसऱ्या खोलीत, त्यांच्यापर्यंत फक्त आवाज जाणार. मी म्हातारी वाचली, सासू वाचली, लहान मुलगी वाचली. म्हातारीसाठी आवाज थरथरवला, मुलीसाठी बारीक केला. तीन वेगळ्या बायका उभ्या केल्या असं मानून घरी आले. काही आठवड्यांनी टपालानं नकार आला.

आम्ही इंदूरच्या रामबागेतले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि गावाकडून येणाऱ्या दूधवाल्या काकांशी मालवी. आकाशवाणीचं इंदूर केंद्र 1955 साली सुरू झालं आणि आजीच्या संसारात रेडिओ कधी बंद राहिला नाही. शेतकऱ्यांसाठीच्या मालवी कार्यक्रमातले नंदाजी-भेराजी तिला शेजाऱ्यांसारखे होते. आमच्याकडे वीतभर शेत नव्हतं, तरी ती रोज ऐकायची. त्यांतला कोण आज जरा थकलेला वाटतोय, हेसुद्धा सांगायची. नकाराचं पत्र आलं तेव्हा मला तेच जास्त लागलं. अशा कानाच्या बाईच्या घरात वाढून मी कुठे चुकले?

आईनं तिच्या ओळखीच्या एका काकूंकडे नेलं. त्यांनी अनेक वर्षं रेडिओवर नाटकं केली होती. त्यांनी मला तेच म्हातारीचं वाक्य वाचायला लावलं. माझं वाचून झाल्यावर विचारलं, "ही बाई श्वास कुठे घेते गं?"

मला सांगता येईना. मी माझ्या सोयीनं, स्वल्पविरामावर घेत होते.

पुढचं दीड वर्ष आम्ही जवळजवळ एवढ्या एकाच गोष्टीवर घालवलं. म्हातारीचा आवाज थरथरेलच असं नाही, पण तिला वाक्य पुरत नाही. ती मध्येच, अगदी शब्दाच्या तोंडावर थांबते आणि मग जिथे सोडलं तिथून उचलते. लहान मूल थांबतच नाही. सगळं एका दमात सांगतं, शेवटचा शब्द हवेवरच निघतो आणि मग ते छाती भरून घेतं. रागावलेला माणूस बोलायच्या आधी श्वास घेतो, घाबरलेला बोलता बोलता. काकू मला राजवाड्याजवळ भाजी विकणाऱ्या बायकांच्या शेजारी उभं राहून ऐकायला पाठवायच्या. घरी आले की तो आवाज काढायचा नाही, फक्त त्या बाईचा श्वास करून दाखवायचा. तो जमला की आवाज आपोआप त्याच्यामागून यायचा. गळा ताणून वेगळा आवाज काढण्यावर माझा तेव्हापासून विश्वास नाही. तो आवाज पाच मिनिटं टिकतो, अर्ध्या तासानं घसा बसतो.

दुसरं काम उच्चारांचं, आणि आपल्या मराठी मुलामुलींनी हे मनावर घ्यावं. आपण हिंदीतलं "और" अ-उ फोडून म्हणतो, "है" मध्ये नको तेवढा ई ऐकू येतो. "फूल" म्हणताना खालचा ओठ दातांना लावतो. हिंदीत तिथे दोन्ही ओठ मिटून सुटलेला फ लागतो. "ज्ञान" चं द्न्यान होतं, "ऋषि" चा रुषि. त्यात इंदुरी "जा रिया हूँ" अंगात मुरलेलं. काकूंनी इंदुरी हिंदी पुसू दिली नाही. वेगळी ठेवायला लावली. "ती तुझी चौथी भाषा आहे, चहावाल्याची भूमिका आली की काढ," म्हणाल्या.

2013 मध्ये पुन्हा त्याच खोलीत गेले. या वेळी पानं हातात आल्यावर पेन्सिलनं फक्त श्वासाच्या जागा खुणावल्या. बी श्रेणी मिळाली. त्यावर बी-हाय आणि ए असतात.

रेडिओ नाटकात जे शिकले ते दुसरीकडे कुठे शिकले नसते. माइकपासून साधारण वीतभर अंतर. प, फ, भ आले की तोंड जरासं तिरकं, नाहीतर हवेचा धक्का थेट माइकवर बसतो. पानांची टाचणी काढून ठेवायची आणि वाचून झालेलं पान न वाजवता बाजूला सरकवायचं. आणि पात्र निघून जातं तेव्हा आवाज लहान करायचा नाही, बोलत बोलत खरोखर दोन पावलं मागे जायचं. फेड आउट पायांनी करतात, हे कळलं त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

याच काळात मला जून फोरे सापडल्या. जन्म 1917, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला. बाराव्या वर्षी रेडिओ नाटकात आल्या, आणि पुढे अ‍ॅनिमेशनमध्ये चेटकिणी, आज्या, लहान मुलं, प्राणी असं सगळं केलं. 1959 साली सुरू झालेल्या एका कार्टून मालिकेत रॉकी नावाची उडती खार त्याच, आणि तिच्या मागे लागलेली नताशा नावाची हेर बाईही त्याच. दोरी ओढली की बोलणाऱ्या चॅटी कॅथी बाहुलीतही त्यांचाच आवाज. टीव्हीसाठीचा पहिला एमी पुरस्कार मिळाला 2012 साली, वयाच्या 94 व्या वर्षी. रॉकी आणि नताशाचे प्रसंग मी डोळे मिटून ऐकत असे. दोघांचे श्वास कुठेही एकमेकांत मिसळत नाहीत. मग मी भाजीवाली आणि तिचा नातू यांचं भांडण एकटीनं बोलायला लागले, संध्याकाळी गच्चीवर.

मग कार्टूनच्या हिंदी डबिंगसाठी माझ्या आवाजाचा नमुना केला दीड मिनिटाचा. पाच आवाज, मागे संगीत नाही. अवंतिका एक्सप्रेसनं रात्रभर प्रवास करून पहाटे बोरिवलीला उतरायचं आणि दिवसभर स्टुडिओ फिरायचं, असं वर्षभर चाललं. एका ठिकाणी अकरा भागांत किरकोळ आवाज दिले. पैसे आजवर आले नाहीत. काही लेखी नव्हतं. आता भागांची संख्या, दर आणि तारीख यांचा मेल आल्याशिवाय मी गाडीत बसत नाही. नव्या मुलींनीही बसू नये.

डबिंग रेडिओच्या उलटं निघालं. मूळ अ‍ॅनिमेशन करताना बहुधा आवाज आधी रेकॉर्ड होतो आणि चित्रकार त्याच्यावर ओठ हलवतात. डबिंगमध्ये ओठ आधीच हलून गेलेले असतात. एका कानात मूळ भाषेचा ट्रॅक, समोर पडदा, हातात हिंदी संवाद, आणि आपण लूप-लूप, म्हणजे प्रसंगाचा एकेक छोटा तुकडा, करत पुढे जायचं. श्वाससुद्धा चित्रातल्या पात्राचा घ्यायचा. माझी ती दीड वर्षं इथे कामी आली.

लहान मुलाचं काम बायकांना का देतात, असं घरी सगळे विचारतात. मालिका वर्षानुवर्षं चालते, आणि मुलाचा आवाज मध्येच फुटतो. निन्जा हातोडी हिंदीत बोलतो तो मेघना एरंडे यांच्या आवाजात, आणि त्या आपल्या मराठी आहेत, हे आमच्या वाड्यातल्या कितीतरी लोकांना मी सांगितलं तेव्हा कळलं.

मला मिळालेला मुलगा आठ वर्षांचा, सतत खाणारा. पहिल्याच दिवशी एक लूप अडला: तो तोंडात घास घेऊन धावत येतो आणि आईला तीन गोष्टी एका दमात सांगतो. शब्द ओठांवर बसत होते, पण घास खोटा वाटत होता. पाच टेक झाले. डबिंग डायरेक्टर काचेपलीकडून शांतपणे म्हणाल्या, "दीदी, जल्दी नहीं है." मी पाणी प्यायले. बोटाचं पेर दातांत धरलं, दोन पावलं मागे गेले आणि बोलत बोलत माइकपर्यंत आले. तिसऱ्या गोष्टीच्या शेवटच्या शब्दाला श्वास संपला, तो संपू दिला.

काचेपलीकडून "ओके, नेक्स्ट" आलं. मी पान न वाजवता बाजूला सरकवलं.