मंगळवेढ्याचं मशिन

जानेवारीत ज्या मदरबोर्डला मी "घे, चालेल" म्हणालो होतो, त्याच मदरबोर्डसमोर मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत घामाघूम होऊन बसलो होतो. त्या दुपारला महिना होत आला, तरी ती डोक्यातून जात नाही.

सोलापुरात कॉम्प्युटर जोडणीचं आणि दुरुस्तीचं काम करतो, १४ वर्षं झाली. गेमिंगचं मशिन करायला येणारा माणूस आधी ग्राफिक्स कार्ड ठरवतो, मग प्रोसेसर, मग रंगीत दिव्यांचं कॅबिनेट. बोर्ड शेवटी. तोवर बजेट आटलेलं असतं आणि कात्री बोर्डावर चालते. आमच्या लाइनीतले बरेच जण त्याला विरोध करत नाहीत. स्वस्त बोर्डावर मार्जिन बरं असतं आणि तक्रार आलीच तर वर्षभराने येते.

तो पोरगा वडिलांना घेऊन आला होता. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, घर मंगळवेढ्याजवळ, डाळिंबाचे पैसे नुकतेच हातात आलेले. आय-७ १२७००-एफ प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आधीच घेऊन ठेवलं होतं. जोडणी स्वतः करणार होता, मला त्याचं कौतुकच वाटलं. त्याला फक्त बोर्ड पारखून हवा होता. बी-६६० चे दोन बोर्ड, किमतीत २८०० रुपयांचा फरक. "दादा, यातला कुठला घेऊ?"

बोर्ड पारखणं मी मन लावून करतो. आधी सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा. या बोर्डांच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये १७०० सुया असतात आणि एक वाकली तरी वॉरंटी गेली, म्हणून मोबाइलचा टॉर्च आडवा धरून बघायचं. सगळ्या सुयांची चमक एका दिशेला पडली पाहिजे. जिथे एखादा ठिपका वेगळा चमकतो तिथे थांबायचं. मग सॉकेटच्या डावीकडची आणि वरची रांग, म्हणजे व्हीआरएम. एसएमपीएसकडून (वीज पुरवणाऱ्या डब्याकडून) आलेले १२ व्होल्ट प्रोसेसरला लागणाऱ्या सव्वा व्होल्टच्या आसपास उतरवायचे, एवढंच त्याचं काम. पण प्रोसेसर १२८ वॅट खात असेल, तर सव्वा व्होल्टला ते १०० अँपिअरच्या वर जातं. घरातल्या मीटरजवळचा एमसीबी बहुतेकदा ३२ अँपिअरचा असतो. तो भार इथे नखाएवढ्या काही मॉसफेट, म्हणजे वीज चालू-बंद करणाऱ्या चिपा, वाटून घेतात आणि जे वाया जातं त्याची उष्णता होते.

डब्यावर "८ फेज" छापलेलं असतं (फेज म्हणजे भार वाटून घेणारी एक वाट), त्यावर मी कधी जात नाही. कॉइल मोजतो, मॉसफेट मोजतो, भिंगातून त्यांचे नंबर वाचतो, कंट्रोलरची चिप शोधतो. दोन कॉइल एकाच सिग्नलवर जोडून आठाचा आकडा गाठलेला असतो, हे पुष्कळदा दिसतं. मग हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा. तो स्क्रूने बसवलाय की प्लास्टिकच्या खुंट्यांनी, हातात जड लागतो का, खालची थर्मल पट्टी मॉसफेटवर पुरती टेकते की अर्धी हवेत राहते.

महागड्या बोर्डाला दोन्ही रांगांवर हीटसिंक होता. स्वस्ताला फक्त डाव्या रांगेवर, वरची रांग उघडी. पण मागच्या पोर्टांवर झगझगीत कव्हर होतं, दिव्यांच्या वायरी जोडायला दोन हेडर होते आणि डब्यावर ठळक अक्षरात "गेमिंग". अशा बोर्डांचा मला राग येतो. त्या कव्हरच्या पैशात वरच्या रांगेला ॲल्युमिनियमचा तुकडा बसला असता.

तरी मी लगेच नाही म्हणालो नाही. टेबलावर उघड्यावरच मशिन जोडलं, प्रोसेसरच्या डब्यातला पंखा लावला, बोर्डाच्या पाठीमागे वरच्या रांगेच्या बरोबर खाली थर्मोकपलची (तापमान मोजणारी) तार उष्णता सोसणाऱ्या कॅप्टॉन टेपने चिकटवली. (लेझरचा थर्मामीटर तिथे कामाचा नाही. चकचकीत धातूवर तो खुशाल २० अंश कमी दाखवतो.) सिनेबेंच, म्हणजे प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी, १० मिनिटं चालवलं. सुरुवातीची उसळी ओसरली की प्रोसेसर ६५ वॅटवर स्थिर होत होता. पाठीमागे ६१ अंश. खोलीत २३. वडील शेजारी उभे होते, २८०० रुपयांचं खत येतं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी म्हणालो, "घे, चालेल."

एप्रिलच्या शेवटी त्याचा फोन आला. "दादा, गेम मधेच अडकायलंय बघा. वीस मिनटं झकास चालतंय आणि मग एकदम चिखलात रुतल्यागत." मी विचारलं, प्रोसेसरचं तापमान किती? साठ-पासष्ट. मग मी म्हणालो, गावाकडं व्होल्टेजचा प्रॉब्लेम असेल, स्टॅबिलायझर लावून बघ. फोनवर दिलेला हा सल्ला मला आजही टोचतो. वडिलांनी स्टॅबिलायझर आणला, फरक शून्य. मग पोरानं पुण्यातल्या एका दुकानात विचारलं. त्यांनी ग्राफिक्स कार्डावर बोट ठेवलं. कार्ड वॉरंटीत गेलं आणि तीन आठवड्यांनी "दोष आढळला नाही" असा कागद लागून परत आलं. सुट्टीचे तीन आठवडे तसेच गेले. मशिन न बघता कार्डावर ढकलायचं, ही खोड आमच्या धंद्यात फार आहे, आणि व्होल्टेजवर ढकलून मीही तेच केलं होतं.

शेवटी मी म्हणालो, मीच येतो. रविवारी बेगमपूरला भीमा ओलांडून दुपारी एकच्या सुमाराला पोचलो. त्याच्या आईनं आधी तांब्याभर ताक दिलं. माडीवरच्या खोलीला पत्रा होता. माझ्या मीटरवर खोलीचं तापमान ४१.

कॅबिनेट उघडलं आणि पहिली गोष्ट दिसली ती म्हणजे डब्यातला पंखा नव्हता. त्या जागी २४० मिलिमीटरचा लिक्विड कूलर, म्हणजे पाण्याचा.

"हा कधी लावलास?"

"मार्चमध्ये, दादा. उन्हाळा यायलाय म्हणून. प्रोसेसर आता पासष्टच्या वर जात नाही."

बोलताना त्याच्या आवाजात अभिमान होता, आणि नळ्या त्यानं खरोखर नीट वळवून बसवल्या होत्या. मी काही बोललो नाही. तार पुन्हा जानेवारीतल्याच जागी चिकटवली, कॅबिनेट बंद केलं, दुसऱ्या स्क्रीनवर एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि वेग दाखवणारं सॉफ्टवेअर) लावलं आणि त्याला म्हटलं, रोज खेळतोस तसा खेळ. खेळता खेळता तो रेकॉर्डिंगही करत होता आणि तेही प्रोसेसरवर. दोन्ही मिळून प्रोसेसर १२८ वॅट घेत होता.

१०व्या मिनिटाला पाठीमागे ९४. १५व्या मिनिटाला १०२. प्रोसेसर मात्र निवांत, ६४. मागं वडील येऊन उभे राहिले होते. २२व्या मिनिटाला मीटरवर १०९ आले आणि त्याच क्षणी गेम रुतला. साडेचार गिगाहर्ट्झवर चालणारा प्रोसेसर ८०० मेगाहर्ट्झवर आला. एचडब्ल्यूइन्फोत खाली एक ओळ असते, व्हीआर थर्मल अलर्ट. तिच्यापुढचं "नो" बदलून "येस" झालं. पोरगा खुर्चीत वळून म्हणाला, "हेच! हेच होतंय दादा!"

बोर्ड स्वतःला वाचवत होता. व्हीआरएम जळू नये म्हणून तो प्रोसेसरला हळू हो म्हणत होता. कार्डाचा, विजेचा, गेमचा कशाचाच दोष नव्हता.

मग मी बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरलो आणि दुसरी गोष्ट सापडली. या बोर्डात कूलर कुठला आहे असा एक पर्याय असतो: डब्यातला, टॉवर किंवा पाण्याचा. पोरानं अगदी प्रामाणिकपणे "पाण्याचा" निवडला होता. तो निवडला की बोर्ड पॉवरची मर्यादा ४०९६ वॅट करून टाकतो. थोडक्यात, मर्यादाच नाही. एवढ्या महत्त्वाच्या बदलाला ना इशारा, ना खुलासा, नुसतं एका थेंबाचं चित्र.

तिथेच वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. जानेवारीत खोली २३ आणि बोर्ड ६१, म्हणजे ३८ अंशांची वाढ. फक्त हवामान बदललं असतं, तर ४१ अधिक ३८, म्हणजे ७९. काही बिघडलं नसतं. पण वॅट ६५ चे १२८ झाले. त्यात डब्यातला पंखा वरून खाली वारा मारतो, तो प्रोसेसरवर पडून चहूबाजूला पसरतो आणि जाता जाता त्या उघड्या रांगेलाही लागतो. पाण्याच्या कूलरने उष्णता नळीतून पुढच्या जाळीकडे नेली आणि सॉकेटभोवतीची हवा थबकली. थंडाव्यासाठी लावलेल्या वस्तूनंच त्या रांगेचा वारा काढून घेतला होता.

दुरुस्ती तशी छोटी होती. माझ्या पिशवीत ९२ मिलिमीटरचा एक जुना पंखा होता, तो वरच्या जाळीला झिप टायने बांधून थेट उघड्या रांगेवर वळवला. बायोसमध्ये मर्यादा १०० वॅटला बांधली. आणि रेकॉर्डिंग प्रोसेसरवरून काढून ग्राफिक्स कार्डावर टाकलं. त्या कार्डात त्यासाठी वेगळी सोय असतेच, फक्त सेटिंगमध्ये एक नाव बदलायचं असतं. पुन्हा तासभर खेळायला लावलं. प्रोसेसर ८० वॅटच्या आसपास, बोर्डाची पाठ ७४, गेम एकदाही अडकला नाही. वडिलांनी स्टॅबिलायझरकडे बघितलं आणि विचारलं, "साहेब, मग हे काढू का?" मी म्हणालो, राहू द्या मालक, विजेचा भरवसा नाही. पण त्याचे पैसे त्यांनी माझ्या शब्दावर घातले होते, हे मला ठाऊक होतं. त्या दिवसाचे पैसे मी घेतले नाहीत.

निघताना पोरगा गाडीपर्यंत आला. हळूच म्हणाला, "दादा, मग तुम्ही तो बोर्ड घे का म्हणालात?"

त्याच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणूनच उत्तर जड गेलं. मी म्हटलं, त्या दिवशी, त्या पंख्यावर, ६५ वॅटला तो बोर्ड चांगलाच होता. ते खरं आहे. पण हेही खरं की आय-७ घेणारा पोरगा डब्यातल्या पंख्यावर कायम राहणार नाही, हे मला कळायला हवं होतं. पुढच्या उन्हाळ्याचा विचार मी केला नाही. उघड्या टेबलावर, थंडीत, ग्राफिक्स कार्डावर भार न टाकता चाचणी घेतली आणि त्यावर "चालेल" म्हणालो. वरची रांग उघडी आहे, हे मी भिंगातून बघितलं होतं आणि बोललो नव्हतो. "पंखा बदलायचा झाला तर मला फोन कर" एवढं एक वाक्य सांगितलं असतं, तर कार्ड पुण्याला गेलं नसतं.

आता चाचणी कॅबिनेट बंद करूनच घेतो, १० मिनिटांऐवजी ४० मिनिटं, प्रोसेसर आणि कार्ड दोन्हींवर भार टाकून. खोलीचं तापमान लिहितो आणि त्यात मे महिन्याचा फरक मिळवून बघतो. वहीत एक रकाना वाढवलाय, घराचं छत कशाचं. गिऱ्हाइकं चमकून बघतात, पण सांगतात.

त्या आठवड्यात जुनी वही काढून बसलो. तोच बोर्ड माझ्या हातून आणखी ११ जणांकडे गेलाय. एकेकाला फोन करून विचारतोय, पंखा तोच आहे का, बायोसमध्ये काय निवडलंय. नऊ जणांशी बोलणं झालं. दोघांनी कूलर बदलला होता, त्यांच्या मर्यादा फोनवरच बांधून दिल्या. अक्कलकोटचा एक जण उद्या मशिन घेऊन येतोय. सांगोल्याचा नंबर अजून लागत नाही.