कॅमेरा काही केल्या रिसेट होईना

दाजींनी घर बदललं तेव्हा त्यांच्याकडचा एक कॅमेरा मला दिला. वायफायवर चालणारा, मान फिरवणारा, दिसायला घुबडाच्या पिल्लासारखा. "रिसेट कर आणि लाव, पाच मिनिटांचं काम आहे," असं म्हणाले. त्या पाच मिनिटांना मला तीन दिवस लागले.

सुरुवातच चुकली. पुढच्या बाजूला, भिंगाच्या खाली टाचणी जाईल एवढं छिद्र होतं. राउटरला असंच छिद्र असतं म्हणून फार विचार केला नाही. टाचणी घातली, दाबून धरली, दहा आकडे मोजले. ढिम्म. जरा जोर लावला, तरी ढिम्म. खरं तर तेव्हाच थांबायला हवं होतं, कारण बटणावर टाचणी टेकली की बोटाला हलकीशी 'टिक्' कळते, आणि इथे टोक कसल्यातरी मऊ वस्तूत रुतत होतं. तो माईक होता.

खरं बटण कुठे असतं ते मग मॅन्युअलमधल्या चित्रावरून समजलं. वायर काढायची, भिंगाचा गोळा हाताने वर वळवायचा, की खाली मेमरी कार्डाची खाच दिसते आणि तिच्या शेजारीच ते इवलंसं बटण. गोळा सरळ असताना दोन्ही झाकलेली. मान फिरणाऱ्या बऱ्याच कॅमेऱ्यांत अशीच लपवाछपवी असते.

आता 'टिक्' मिळाली, पण रिसेट नाहीच. कॅमेरा चालू करून, तो पूर्ण जागा होईपर्यंत थांबून, बटण दाबून धरायचं. दिवा लुकलुकायला लागला की सोडायचं. माझा दिवा लाल तो लालच. वेळ कमी पडत असेल म्हणून पंधरा सेकंद धरलं, मग तीस. एकदा तर बटण दाबून ठेवूनच वायर लावली. काही कॅमेऱ्यांत तसं केल्यावर ते भलत्याच मोडमध्ये जातात, हे नंतर वाचलं. नशीब, माझा गेला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, खोलीत अंधार असताना, पहिल्यांदा नीट बघत बसलो. मी बटण दाबलेलं, तोंडाने आकडे चाललेले, आणि सातच्या आसपास लाल दिवा क्षणभर विझून पुन्हा लागला. इतका थोडा वेळ की उजेडात कधी दिसलंच नसतं. पुन्हा करून पाहिलं. या वेळी नऊला विझला. म्हणजे मी रिसेटसाठी दाबून बसलेलो असताना कॅमेरा मध्येच आपला आपण बंद पडून नव्याने सुरू होत होता, आणि माझी मोजणी त्याच्या दृष्टीने दर वेळी वाया जात होती.

दाजींकडून आला होता नुसता कॅमेरा. अ‍ॅडॉप्टर मी घरातलाच लावला होता, एका जुन्या साध्या फोनचा. पिन बसली, दिवा लागला, की आपल्याला वाटतं काम झालं. अ‍ॅडॉप्टरवरची बारीक अक्षरं वाचली तर ५ व्होल्ट, ०.५ अँपिअर. कॅमेऱ्याच्या तळाच्या स्टिकरवर ५ व्होल्ट, १ अँपिअर. सुरू होताना हा प्राणी मान फिरवून स्वतःची तपासणी करतो, आणि अंधारात त्याचे इन्फ्रारेड दिवेही लागतात. तेव्हाच विजेची ओढ वाढते, व्होल्टेज खाली जातं आणि तो कोसळतो. वायरही लांब आणि बारीक होती, तिच्यातही थोडं व्होल्टेज जातं. नवा अ‍ॅडॉप्टर आणि आखूड, जाड वायर लावली.

त्याच वेळी मेमरी कार्डही काढून टाकलं. खराब कार्डामुळे काही कॅमेरे सुरू होतानाच अडकतात, असं ऐकलं होतं. दोन बदल एकदम केले ही तशी चूकच, कारण नेमका गुण कशाचा हे आता मला सांगता येणार नाही. माझा संशय अ‍ॅडॉप्टरवरच आहे. कार्ड वेगळं उघडून पाहिलं तेव्हा मात्र चमकलो: दाजींच्या जुन्या हॉलचं रेकॉर्डिंग त्यात जसंच्या तसं होतं. रिसेटने कॅमेऱ्याच्या आतल्या सेटिंग्ज जातात, कार्डावरचं काही जात नाही. ते वेगळं फॉरमॅट करावं लागतं.

आता बटण दाबलं आणि दहाव्या सेकंदाला दिवा लाल-निळा लुकलुकू लागला. मी खुर्चीवरून उठलोच! अ‍ॅप उघडलं, क्यूआर कोड दाखवला, कॅमेऱ्याने 'टुंग' केलं, आणि स्क्रीनवर आलं: हे उपकरण दुसऱ्या खात्याशी जोडलेलं आहे.

मला वाटलं रिसेट अर्धवटच झाला. पुन्हा केला. तोच संदेश. चार वेळा केला. फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, कार्डावरून नव्याने भरायची तयारीसुद्धा केली. कार्ड एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलं, स्टिकरवरचा मॉडेल नंबर आणि हार्डवेअर व्हर्जन टिपून घेतलं, कारण भलत्या व्हर्जनची फाइल भरली तर कॅमेरा कायमचा निकामी होतो, नुसती वीट. तेवढ्यात त्या वाक्यातला 'खाते' हा शब्द डोक्यात शिरला. रिसेट केव्हाच झाला होता. कॅमेरा कोणाचा, ही नोंद कॅमेऱ्यात नव्हतीच. ती कंपनीच्या सर्व्हरवर, त्याच्या सिरियल नंबरसमोर होती. बटण कितीही दाबलं तरी तिथवर पोचणार नव्हतं. चोराने कॅमेरा उचलून नेला तरी स्वतःच्या नावावर करता येऊ नये म्हणून ही सोय. मी चोराच्या रांगेत उभा होतो इतकंच.

दाजींना फोन लावला.

"दाजी, तुमच्या अ‍ॅपमधून कॅमेरा काढला होता का?"

"अरे, मी अ‍ॅपच काढून टाकलं की!"

"अ‍ॅप काढून भागत नाही. आधी त्यातून कॅमेरा काढायला हवा होता."

"मग आता रे?"

आता काय, ते खातं त्यांच्या बंद झालेल्या मोबाइल नंबरवर होतं, म्हणजे ओटीपीचा रस्ता बंद. पावती शोधून कंपनीकडे अर्ज करायचा का, असा विचार चालू असताना ताईला जुना टॅब आठवला. तो कपाटात, बॅटरी ठार. रात्रभर चार्जिंगला लावल्यावर सकाळी त्यातलं अ‍ॅप अजून लॉग-इन केलेलंच निघालं. कॅमेरा त्यात 'ऑफलाइन' दिसत होता, पण 'उपकरण काढा' हे बटण चाललं. दहा मिनिटांनी इकडे माझ्या खात्यात तो निमूटपणे आला.

वायफायचं एक छोटं अडलं. कॅमेरा फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतो, आणि माझा राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे दोन्ही बँड एकाच नावाने देतो. गेस्ट नेटवर्क फक्त २.४ वर ठेवून त्यात त्याला घातलं. तसंही घरातल्या कॉम्प्युटरपासून कॅमेरा वेगळा असलेला बरा. याने चित्र दाखवायच्या आधी नवा पासवर्ड ठेवायला लावलं, ते चांगलं केलं. २०१६ साली 'मिराई' नावाच्या मालवेअरने, म्हणजे घातक सॉफ्टवेअरने, कारखान्यातले साठेक ठरलेले पासवर्ड वापरून जगभरचे असेच कॅमेरे आणि डीव्हीआर (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारे डबे) ताब्यात घेतले होते.

कॅमेरा आता दाराकडे तोंड करून बसलाय. चित्र स्वच्छ, रात्रीचंही. चाचणीसाठी दाजींना समोर उभं करून बोलायला सांगितलं आणि मी आतल्या खोलीत फोनवर ऐकलं. विहिरीत उतरून बोलल्यासारखा आवाज आला.

"जुन्या घरी असं नव्हतं रे," दाजी म्हणाले.

टाचणीचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.