वाजत राहिलेले टाळ

भोसरीतील एका कारखान्यात मी शिफ्टचा सुपरवायझर आहे. आमच्या विभागात दाराशेजारी एक तक्रारपेटी आहे. महिन्यातून एकदा ती मीच उघडतो आणि ती बहुतेक वेळा रिकामीच असते. आपल्याकडे कोणाची तक्रार नाही, असा त्याचा अर्थ मी अनेक वर्षे लावत आलो होतो.

त्या वर्षी रजा साठवून मी आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर निघालो. आमची दिंडी रथामागची होती. भिशी, म्हणजे दिंडीतल्या जेवणाखाणाची वर्गणी, भरली, राहुटीत जागा मिळाली. पण टाळाच्या पावल्या येत नसल्यामुळे विणेकरी महाराजांनी मला वाढपाच्या कामाला लावले. दिवेघाट चढून आल्यावर पायांना फोड आले होते आणि त्याच पायांनी पंगतीत वाकून वाढायचे होते. सवयीने मी तिथेही पद्धत बसवली: ट्रकच्या बाजूच्या टोकापासून सुरुवात, आधी भात, मागून आमटी, एकही फेरी वाया जाऊ द्यायची नाही. आपण काम किती वेळात उरकतो, याचा मला मनातून अभिमानही वाटत होता.

जेजुरीच्या मुक्कामी शेवटच्या टोकाला बसणाऱ्या एका आजींनी मला थांबवले. "माउली, रोज त्याच टोकाकडनं कशापायी वाढता? आमच्यापातुर येईस्तवर भात गार अन् आमटी अर्धी पळी." "बघतो, आजी," असे म्हणून मी पुढे गेलो आणि बघितले मात्र काहीच नाही. कारखान्यातही मी हेच दोन शब्द वापरतो.

लोणंदच्या तळावर मी प्रथमच समाजआरतीला लक्ष देऊन उभा राहिलो. सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोळा होतात आणि टाळमृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदारांनी दंड उंचावला की तो सारा समाज क्षणात शांत होतो. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, दुसऱ्या दिवशीची निघण्याची वेळ सांगितली जाते. ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल ती मात्र दंड उंचावल्यानंतरही टाळ वाजवत राहते. त्या संध्याकाळी डाव्या अंगाच्या एका दिंडीचे टाळ थांबेनात. हजारो माणसे त्या आवाजाकडे कान लावून उभी होती. चोपदार स्वतः चालत तिच्याकडे गेले आणि तिचे म्हणणे ऐकून घेतले. त्याची दखल घेतली गेली, तेव्हाच टाळ थांबले आणि मग आरती झाली.

हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला लावलेल्या शिस्तीचे कौतुक मी पुष्कळ वाचले होते. परंतु शिस्त म्हणजे रांग, क्रम आणि वेळ एवढेच माझ्या डोक्यात होते. ज्याचे दुखते आहे त्याला सगळ्यांदेखत आवाज करण्याची मुभा असते, आणि ऐकणाराच उठून त्याच्यापाशी जातो, ही त्याच शिस्तीची दुसरी बाजू मला दिसलीच नव्हती. आमची पेटी भिंतीला ठोकलेली आहे. कागद घेऊन, कॅमेऱ्यासमोरून, कामगाराने तिच्यापर्यंत जायचे.

तरडगावला मी शेवटच्या टोकाकडून वाढायला सुरुवात केली. आजी काहीच बोलल्या नाहीत, फक्त द्रोण थोडा पुढे सरकवला. ट्रकच्या बाजूला बसणारे एक बुवा मात्र कुरकुरले, म्हणून पुढे फलटणपासून आम्ही एक दिवसाआड टोक बदलू लागलो.

परतल्यावर मी शिफ्ट संपण्यापूर्वीची दहा मिनिटे राखून ठेवली आणि केबिनमध्ये कोणाला न बोलावता एकेका मशीनपाशी जाऊन उभा राहू लागलो. पहिला आठवडा हवापाण्याच्या गप्पांतच गेला, कारण इतक्या वर्षांच्या गप्पपणानंतर माझ्यावर एकदम विश्वास ठेवण्याचे कोणालाच कारण नव्हते. दुसऱ्या आठवड्यात लेथवरच्या एका पोराने हात पुसत विचारले, "साहेब, दिवाळीच्या सुट्टीची यादी दरवर्षी वरूनच का लागते? माझं नाव खाली आहे, माझ्यापर्यंत येईपर्यंत दिवस उरतच नाहीत."

त्या वर्षी यादी खालून लावली. पहिल्या क्रमांकाचा ऑपरेटर चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी मीच त्याच्या मशीनपाशी गेलो.