शिंग्रोबाने वाट दाखवली का? तुम्ही विचारलेत म्हणून

बोरघाटातल्या रेल्वेमार्गावर मी कुठेही बोललो, तरी शेवटचा प्रश्न ठरलेला असतो : शिंग्रोबा धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली, बक्षीस म्हणून स्वातंत्र्य मागितले आणि त्यांनी त्याला गोळी घातली, हे खरे की खोटे? एकदाचे लिहूनच टाकतो.

मेंढरे चढतात तो चढ इंजिनाला चढवत नाही. 1,831 फूट वर जायचे आणि सर्वांत तीव्र चढही 37 फुटांना 1 फूट यापुढे जाऊ द्यायचा नाही, यासाठी सुमारे 25 किलोमीटरचा मार्ग आणि 25 बोगदे लागले. रेल्वेचा मुख्य अभियंता जेम्स बर्कली याच्या हाताखाली अनेक पर्यायी रेषा मोजून ही रेषा ठरली, आणि तरीही एके ठिकाणी वळायला जागा नसल्याने गाडीची दिशा उलटवणारे रिव्हर्सिंग स्टेशन बांधावे लागले. अशी रेषा कोणी बोट दाखवून सापडत नाही, असे मी पूर्वी एका लेखात लिहिले आणि वर ‘भाकडकथा’ हा शब्द वापरला. युक्तिवाद मला आजही मान्य आहे. शब्द मात्र उद्दामपणाचा होता.

तो शब्द मला खटकू लागला तो जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या शिंग्रोबाच्या देवळापाशी. तीसेक जणांना मी चढाचे गणित समजावत होतो. जाणाऱ्या ट्रकमधून टाकलेले नाणे पायरीवर आपटले आणि घरंगळत माझ्या बुटापाशी आले. खांद्यावर घोंगडी घेतलेले एक आजोबा बराच वेळ ऐकत बसले होते.

“पावणं, कामाला माणसं किती होती म्हणालात?”

“1861 साली 42,000हून अधिक.”

“मग त्यातली चार नावं वाचा की.”

मी वही उघडली. बर्कली होता. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल होता, ज्याच्या कामावर 1859च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून दंगल झाली. त्याच्यामागून आलेला आणि पंधरवड्यातच वारलेला सॉलोमन ट्रेडवेल होता. नवऱ्याचे कंत्राट पुढे नेणारी ॲलिसही होती. मजूर एकही नव्हता. तरी मी आणखी दोन पाने उलटून शोधल्याचे सोंग केले, हे येथे कबूल करतो. आजोबांनी वाकून ते नाणे उचलले, देवापुढे ठेवले आणि मला चहाचे विचारले. लोकांसमोर एवढे अवघडल्यासारखे मला त्यापूर्वी कधी झाले नव्हते.

यावरून शिंग्रोबा सिद्ध होतो का? नाही. पण कागदावर नाव नाही, एवढ्यावर मी त्याला खोटे ठरवत होतो, आणि त्याच न्यायाने ते 42,000ही नव्हतेच म्हणावे लागेल. पाणी कुठे मिळते, पावसात कोणती दरड सुटते, हे मोजणीवाल्यांना कोणा धनगराने सांगितलेच नसेल, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. गोळीचा मात्र मला अजून एकही पुरावा मिळालेला नाही, आणि कोणाला राग आला म्हणून मी तो आहे असे म्हणणार नाही. पुढच्या वेळी विचाराल, तेव्हाही मी चढाचा हिशेबच आधी मांडणार आहे. तो पुरता ऐकून घ्या, मग भांडू.