किसके पैर से?

रात्री अडीचला मधुबनातून निघालो. पायात चप्पल नाही, पोटात पाण्याचा थेंब नाही; आत्याचा नियमच तसा. आम्हा जैनांच्या सम्मेद शिखरजीची वंदना म्हणजे नऊ किलोमीटर चढ, वर टोंकाटोंकांवरून, म्हणजे तीर्थंकरांच्या चरणांच्या देवळ्यांवरून नऊ, उतार नऊ. एकूण 27. झारखंडातल्या या डोंगरावरून चोवीसपैकी वीस तीर्थंकर मोक्षाला गेले. अंधारात मला मात्र पुढच्याची बॅटरी आणि काठीची टकटक, एवढंच कळत होतं.

गंधर्व नाल्याच्या पुढे दम लागला. किती राहिलं विचारलं, तर एक म्हणाला, "बस, आ गया." दुसरा म्हणाला, "आधा बाकी है." कडेला टेकलेल्या डोलीवाल्यानं उलट मलाच विचारलं, "किसके पैर से?"

मी हसलो. आत्या हसली नाही. "बरोबर विचारलं की त्यानं. स्याद्वाद तोच."

"म्हणजे कदाचित असं, कदाचित तसं?"

तिनं काठी आपटली. "स्यात् म्हणजे कदाचित नव्हं! एका अपेक्षेनं, एका बाजूनं बघता असं. आणि त्या अपेक्षेनं ते पक्कंच."

पाठशाळेत स्याद्वादाचे सात भंग, म्हणजे बोलायचे सात प्रकार, घोकताना मी कायम चौथ्यावर, 'स्यात् अवक्तव्य'वर अडायचो. 'आहे' आणि 'नाही' एकाच वेळी बोलता येत नाही, म्हणून ते अवक्तव्य. त्या चढावर तर मला नुसतं 'आहे'सुद्धा बोलवेना.

आम्ही हुपरीचे, चांदीवाले. समंतभद्राचार्यांनी सोन्याचा घट मोडून मुकुट केल्याचा दाखला दिलाय: घट हवा होता तो रडला, मुकुट हवा होता तो हरखला, सोनंच हवं होतं तो मध्यस्थ, म्हणजे तटस्थ राहिला. आत्या तो चांदीत सांगते. आजीचे तोडे मुशीत घालून आत्याच्या लग्नाचे पैंजण केले. आजी रडली, आत्या नाचली, आजोबांनी फक्त काटा बघितला. तोडे गेले तो व्यय, पैंजण झाले तो उत्पाद, चांदी राहिली ते ध्रौव्य. वस्तू आहे म्हणजे या तिन्ही गोष्टी तिच्यात एकदमच आहेत. (आजोबांनी वितळण्यातली घटही धरलीच असणार. ते तिच्या गोष्टीत येत नाही.)

शेवटच्या, पार्श्वनाथांच्या टोंकावर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. चरणांवर डोकं टेकवलं आणि उठताना गुडघ्यांनी हाक दिली. खाली जायला आत्यासाठी डोली ठरवू का, विचारलं.

"माझ्या पायानं थोडंच राहिलंय," म्हणत ती उताराला लागलीसुद्धा. मी डोलीवाल्याकडे बघितलं.