हाल्फदानची हजेरी

शनिवार, रात्री साडेदहा, कोपनहेगन

काल दुपारच्या कॉलमध्ये माझा ब्लूटूथ हेडसेट तिसऱ्यांदा बंद पडला. ते नाव दहाव्या शतकातल्या हाराल्ड ब्लूटूथ या डॅनिश राजाचं, आणि हेडसेटवरचं ते निळं चिन्ह म्हणजे त्याच्या नावाची रून या उत्तरेकडच्या जुन्या लिपीतली दोन अक्षरं. या गृहस्थाने अख्खा डेन्मार्क जोडला म्हणे. माझा हेडसेट हातभरावरच्या लॅपटॉपला जोडता येईना.

त्याच तिरमिरीत आज रोस्किल्डला गेले, व्हायकिंगांच्या, म्हणजे इथल्या जुन्या दर्यावर्दी लुटारूंच्या, जहाजांच्या संग्रहालयात. शनिवारला डॅनिशमध्ये लोर्दाग म्हणतात, मुळात आंघोळीचा वार. आमच्याकडे आजी शनिवारी डोक्यावरून न्हाऊ द्यायची नाही, आणि हे दाढीवाले नेमके शनिवारीच न्हायचे! उत्खननात त्यांचे कंगवेही ढिगाने सापडतात. शिंगांची शिरस्त्राणं मात्र नाहीत; ती एकोणिसाव्या शतकातल्या ऑपेराच्या कपडेपटाची देणगी.

संग्रहालयात पाच जहाजं आहेत. शत्रूची वाट अडवायला अकराव्या शतकात फ्योर्डमध्ये, म्हणजे समुद्राच्या आत शिरलेल्या खाडीत, मुद्दाम बुडवलेली, १९६२ साली बाहेर काढलेली. सर्वांत मोठं डब्लिनजवळ १०४२च्या सुमारास बांधलेलं: लांबी ३० मीटर, वल्ही ६०. ना खोली, ना पडदा. मी बराच वेळ त्याच्यासमोर उभी होते. मग लक्षात आलं, हे तर आमचं ऑफिस! सगळे एकाच सभागृहात, शेजारच्याचा खोकला आपल्या मानेवर, आणि ठरलेली जागा कुणालाच नाही. नॉर्वेतल्या ओसेबर्गच्या जहाजात तर बसायला बाकंही सापडली नाहीत. वल्हेकरी आपापल्या पेटीवर बसत असावेत. आम्ही निदान खुर्ची घरून आणत नाही.

पण या व्हायकिंगांत मला खरा आवडतो तो एरिक द रेड. मनुष्यवधापायी आइसलँडमधून तीन वर्षं हद्दपार. तेवढ्यात त्याने एक बर्फाळ बेट धुंडाळलं आणि परत येऊन त्याला नाव दिलं ग्रीनलँड. नाव चांगलं असलं की लोक यायला तयार होतात, हे त्याचं कारण सागांमध्ये, म्हणजे आइसलँडच्या जुन्या गद्यकथांमध्ये, सरळ नोंदवलेलं आहे. नोकरभरतीची इतकी प्रामाणिक कबुली मी दुसरीकडे वाचलेली नाही. पंचवीस जहाजं निघाली, चौदा पोहोचली. माझ्या ऑफर लेटरमध्ये ‘सर्जनशील काम’ असं होतं. पहिले चार महिने मी एक्सेलच्या रांगा रंगवल्या. हिरव्या रंगाने.

पगारवाढीचं व्हायकिंगांना बरं जमायचं. इंग्लंडने ९९१ साली त्यांना परत पाठवायला दहा हजार पौंड चांदी मोजली, ९९४ला सोळा हजार, १०१२ला अठ्ठेचाळीस हजार. ना फॉर्म, ना ‘स्वतःच्या तीन उणिवा लिहा’. किनाऱ्यावर येऊन उभं राहायचं, बस.

निवृत्तीचं मात्र वाईट. रणात मेलात, ओडिन या त्यांच्या मुख्य देवाने निवडलं, वल्हाला हा त्याचा वीरांचा महाल मिळाला, इथवर ठीक. पण तिथे उजाडलं की शस्त्रं चढवून अंगणात एकमेकांना कापून काढायचं, आणि जेवायच्या वेळेला सगळ्यांनी धडधाकट होऊन टेबलाशी हजर. सेहरिम्नीर नावाचा डुक्कर रोज शिजतो, संध्याकाळी पुन्हा अख्खा. म्हणजे कॅन्टीनचा मेनू जगबुडीपर्यंत तोच. हा सगळा सराव कशासाठी, तर राग्नारोकच्या, म्हणजे त्या जगबुडीच्या, शेवटच्या लढाईसाठी, जी आपण हरणार हे वरिष्ठांना आधीपासून ठाऊक आहे. मी अशा एका प्रोजेक्टवर दीड वर्ष काढलंय.

परतीच्या गाडीत हाल्फदान आठवला. इस्तंबूलला गेले होते तेव्हा हागिया सोफिया या एकेकाळच्या चर्चच्या वरच्या सज्ज्यात, संगमरवरी कठड्यावर त्याचं नाव पाहिलं होतं, रून लिपीत कोरलेलं. बायझंटाइन सम्राटाच्या पदरी असलेल्या उत्तरेकडच्या अंगरक्षकांपैकी कुणीतरी असावा. पुढचं सगळं झिजलंय, नाव तेवढं लागतं. सिंहगडावर बदाम कोरणाऱ्यांना मी मनसोक्त शिव्या घालते, पण याला घालवेना. खाली ग्रीकमधली लांबलचक प्रार्थना चालू, एक शब्द कळत नाही, हलायची सोय नाही, आणि हातात धारदार लोखंड.

आत्ता हे लिहायला वही उघडली तर कालच्या कॉलचं पान निघालं. वर तारीख, त्याखाली विषय, आणि त्याखाली सहा वेळा गिरवलेलं माझं नाव.