पोस्टर नेमकं कोणत्या काळाचं?

जुनं पोस्टर हाती आलं की माझी नजर आधी खालच्या कडेला जाते. छपाईत, रंग वेगळे करण्याच्या कामात आयुष्य गेलं, त्याची ही सवय. त्या कडेला बारीक टायपात छापखान्याचं नाव असतं, कधी गाव, कधी वर्ष. सोव्हिएत पोस्टरांवर तर किती प्रती काढल्या तो आकडाही असतो. मला ती ओळ चित्राइतकीच प्रिय आहे. चित्रकाराच्या मनात काय होतं ते वर दिसतं. पैसे कोणी मोजले आणि किती भिंतींवर डोळा होता, त्याचा माग खाली लागतो.

‘जुनी पोस्टरं म्हणजे त्या काळाचा आरसा’ हे वाक्य फार वेळा वाचायला मिळतं. मला ते अपुरं वाटतं. पोस्टर भिंतीवर येतं ते काहीतरी मागायला. तुमचे पैसे, तुमची संध्याकाळ, तुमचं मत, कधी तुमचा मुलगा. जे आपसूक मिळतंय, किंवा हुकूम सोडून घेता येतंय, त्यासाठी कोणी शाई खर्च करत नाही. त्यामुळे पोस्टरात मी शोधतो ती त्या काळाची उणीव आणि त्याची भीती.

फ्रेंच पोस्टर-चित्रकार ज्यूल शेरेचंच बघा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या भिंती रंगीत केल्या त्या या माणसाने. हजाराहून अधिक पोस्टरं त्याच्या नावावर आहेत. काम सगळं लिथोचं, म्हणजे दगडावर चित्र काढून त्यावरून छापायचं. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि प्रत्येक वेळी कागद अगदी त्याच जागी बसला पाहिजे. केसभर सरकला तरी ओठांचा लाल रंग गालावर जातो. लाल, पिवळा, निळा एवढ्या भांडवलावर, दगडावर शाईचे बारीक शिंतोडे उडवून शेरे मधल्या छटा आणायचा. तो शिंतोड्यांचा पोत भिंगाखाली बघताना मी तासन्‌तास रमतो. पुढे हाफटोन आलं, म्हणजे लहानमोठ्या ठिपक्यांतून छटा दाखवणारी छपाई; यंत्राने पाडलेल्या त्या ठिपक्यांत शिस्त आली, पण हाताची ती लय गेली. कायदाही शेरेच्या मदतीला आला. 29 जुलै 1881 च्या फ्रेंच कायद्याने छापणं आणि चिकटवणं पुष्कळ मोकळं केलं. आजही तिथल्या जुन्या भिंतींवर ‘इथे पोस्टर लावू नये’ या सूचनेखाली तीच तारीख दिसते.

शेरेचं मला सर्वांत आवडणारं काम म्हणजे 1890 च्या दशकात सॅक्सोलेईन नावाच्या दिव्याच्या तेलासाठी केलेली पोस्टरमाला. उंची पोशाखातली एक हसरी स्त्री, शेजारी मोठा दिवा, आणि त्याचा पिवळा उजेड तिच्या चेहऱ्यावर. बघणाऱ्याला वाटतं, काय सुखाचे दिवस होते! पण शेजारचा मजकूर वाचा. हे तेल सुरक्षित आहे, त्याला वास नाही, ते भडकत नाही. म्हणजे घरोघरी जळणाऱ्या रॉकेलला वास येत होता आणि ते भडकतही होतं. हात भाजल्याच्या, पडदे पेटल्याच्या भीतीवर ते हसू उभं आहे. चित्र सुखाचं आणि मजकूर धास्तीचा, आणि दोन्ही एकाच कागदावर. म्हणून ती पोस्टरं मला एवढी खरी वाटतात.

पहिल्या महायुद्धातलं 1915 चं एक ब्रिटिश पोस्टर आहे, सॅव्हिल लम्ली या चित्रकाराचं. आरामखुर्चीत बाप बसलाय. मांडीवरची मुलगी विचारतेय, ‘बाबा, महायुद्धात तुम्ही काय केलंत?’ पायाशी मुलगा खेळण्यातले सैनिक मांडतोय. बाप मुलांकडे पाहत नाही, थेट आपल्याकडे पाहतो. हे पोस्टर कळायला एक तारीख हवी. ब्रिटनमध्ये सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा झाला जानेवारी 1916 मध्ये. त्याआधी माणूस स्वतःहून यायला हवा होता. म्हणून शरम वापरली, आणि तीही पोटच्या मुलीच्या तोंडून. सक्ती आल्यावर असल्या आर्जवाची गरजच उरली नाही.

त्या चित्रात मला आणखी एक गोष्ट खुपते. तो प्रसंग युद्ध संपल्यानंतरचा आहे. घर शाबूत, मुलं सुखरूप, पडदे नीट. युद्ध संपायला अजून तीन वर्षं होती, आणि चित्राने विजय आधीच गृहीत धरला होता! चित्रातला बाप जिवंत आहे हे तर सगळ्यात मोठं आश्वासन, आणि ते शब्दांत कुठेही दिलेलं नाही.

बोट रोखून ‘तू हवा आहेस’ म्हणणारा अमेरिकेचा अंकल सॅम सगळ्यांनी पाहिलेला असतो. जेम्स माँटगोमेरी फ्लॅगने त्याला स्वतःचाच चेहरा दिला. 1917 पासून वर्षभरात त्याच्या चाळीस लाखांहून अधिक प्रती निघाल्या. पण ते चित्र आधी, 1916 मध्ये, एका साप्ताहिकाचं मुखपृष्ठ म्हणून आलं होतं. ब्रिटनचे युद्धमंत्री लॉर्ड किचनर असंच बोट रोखतात ते 1914 चं चित्रही तसंच, आधी मुखपृष्ठ. मुखपृष्ठ आणि पोस्टर यांचं रक्त एकच. दोघांनाही चालत्या माणसाला क्षणभर थांबवायचं असतं.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं ती. दंडाची बेटकुळी दाखवणारी, डोक्याला लाल रुमाल बांधलेली कामगार स्त्री दुसऱ्या महायुद्धाचं प्रतीक म्हणून जगभर ओळखली जाते. जे. हॉवर्ड मिलरने ते पोस्टर वेस्टिंगहाउस कंपनीसाठी केलं आणि फेब्रुवारी 1943 मध्ये ते कंपनीच्या कारखान्यांत जेमतेम दोन आठवडे लागलं. आतल्या कामगारांना हुरूप यावा, एवढंच त्याचं काम. बाहेरच्या जगाला ते माहीतही नव्हतं. ते गाजलं 1980 च्या दशकात, स्त्रियांच्या चळवळीने उचलल्यावर.

‘शांत राहा आणि आपलं काम करत राहा’ या ब्रिटिश पोस्टरची गोष्ट तर याहून विलक्षण. 1939 मध्ये त्याच्या सुमारे पंचवीस लाख प्रती छापल्या गेल्या. मोठ्या हल्ल्याच्या वेळी लावायचं म्हणून राखून ठेवलं, आणि ते जवळपास कुठेच लागलं नाही. बहुतेक प्रती लगद्यात गेल्या. 2000 मध्ये इंग्लंडमधल्या ॲनिक गावच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक प्रत सापडली आणि मग ते कपांवर, पिशव्यांवर, सगळीकडे गेलं. बाँबवर्षावात धीर धरणाऱ्या लोकांची आठवण म्हणून आपण ते भिंतीवर लावतो, पण त्या लोकांनी ते पाहिलंच नव्हतं. आधार हवा होता तो आपल्याला.

यामुळे ही पोस्टरं खोटी ठरत नाहीत. मला तर ती अधिक जवळची वाटतात. फक्त त्यांच्याकडे पाहताना दोन काळ वाचावे लागतात, छापणाऱ्याचा आणि निवडणाऱ्याचा. चित्रकार आल्फोन्स मुखाचं, अभिनेत्री सारा बर्नार्डसाठी केलेलं पोस्टर जानेवारी 1895 मध्ये पॅरिसभर लागलं. पुढे त्याची ती वेलबुट्टी, ते वळणदार केस जुनाट ठरले. 1963 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्याचं प्रदर्शन भरलं, आणि 1966 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या तरुण चित्रकारांनी त्याची एक नायिका उचलून रॉक संगीताच्या पोस्टरवर बसवली, भडक रंगांत. कारखान्यांच्या सरळ रेषांना कंटाळलेल्या पिढीला ती वळणं हवी होती.

माझ्याकडच्या प्रतिकृतींच्या पाठीवर मी हल्ली पेन्सिलीने दोन वर्षं लिहितो. एक छपाईचं, दुसरं लोकांना ते चित्र पुन्हा हवंसं झालं त्याचं. मुखाच्या पाठीवर 1895 आणि 1963. मिलरच्या पाठीवर 1943, आणि त्यापुढे 1980 चं दशक. सॅक्सोलेईनवालीच्या पाठीवर अजून पहिलंच दशक आहे, पण तिच्यासाठी मी दुसरी जागा मोकळी सोडली आहे.